काळ्या दारूच्या रिव्हॉल्वरची नळी: कापून आखूड करावी की दुसरी बसवावी?

ठासणीवाला (धागाकर्ता)

माझ्याकडे काळ्या दारूवर, म्हणजे जुन्या पद्धतीच्या बंदुकीच्या दारूवर, चालणाऱ्या दोन रिव्हॉल्वरच्या इटालियन प्रतिकृती आहेत. एक १८५१ च्या कोल्ट नेव्हीच्या धर्तीची, .३६ कॅलिबरची (नळीच्या भोकाचा व्यास, इंचांत), साडेसात इंची अष्टकोनी नळीची. दुसरी रेमिंग्टनच्या न्यू मॉडेल आर्मीच्या धर्तीची,.४४ कॅलिबरची, आठ इंची. दोन्हींचा नेम चांगला आहे आणि दोन्हींवर माझा जीव आहे, परंतु एक हात लांब करून पन्नास-साठ बार काढले की मनगट खाली येऊ लागते आणि शेवटच्या फेऱ्यांमध्ये लक्ष्याच्या खालच्या कडेलाच भोके पडतात. त्यामुळे पाच किंवा साडेपाच इंची नळी असावी असे गेले वर्षभर मनात आहे.

माझ्यापुढे दोन मार्ग आहेत. असलेली नळी कापावी, किंवा त्याच कारखान्याची तयार आखूड नळी मागवून बसवावी. दोन्ही रिव्हॉल्वरना एकच उत्तर लागू पडते का, आणि नळी आखूड केल्याने नेम, वेग व सुरक्षितता यांवर नेमका काय परिणाम होतो, हे अनुभवी सदस्यांकडून समजून घ्यायचे आहे. आखूड नळीच्या या प्रतिकृतींना इतिहासाचा काही आधार आहे की तो केवळ आजच्या विक्रेत्यांचा शोध आहे, याविषयीही कुतूहल आहे.

काळा धूर

इतिहासापासून सुरुवात करतो, कारण पुष्कळांचा गोंधळ तिथेच होतो. कोल्टच्या कारखान्यात गिऱ्हाइकाने एकाच मॉडेलची नळी हवी तेवढी लांब किंवा आखूड मागायची, अशी सर्वसाधारण पद्धत नव्हती. लांबी ही मॉडेलच्या आकाराशी बांधलेली होती. कमरेच्या पट्ट्याला लावायची १८५१ ची नेव्ही साडेसात इंची, १८६० ची आर्मी आठ इंची, घोड्याच्या खोगिराला लटकवायची १८४७ ची वॉकर नऊ इंची आणि रिकामीच साडेचार पौंडांहून जड. ज्याला खिशात मावणारे हत्यार हवे असे, त्याच्यासाठी सांगाडाच लहान असलेली वेगळी मॉडेले होती. १८४९ ची पॉकेट .३१ कॅलिबरची होती, ती ३, ४, ५ आणि ६ इंची नळ्यांमध्ये मिळे आणि तीन लाखांहून अधिक खपली. १८६२ ची पोलीस मात्र .३६ ची, पाच बारांची, आणि साधारणतः साडेचार, साडेपाच व साडेसहा इंची होती. थोडक्यात, आखूड नळी कोल्टला माहीत होती, मात्र ती मोठ्या सांगाड्यावर नव्हती.

आज ‘शेरीफ’ या नावाने विकल्या जाणाऱ्या पाच-साडेपाच इंची नेव्ही आणि आर्मी या जोड्या बहुतांशी प्रतिकृतींच्या काळातल्या आहेत. हा प्रतिकृतींचा उद्योग १९५० च्या दशकाच्या अखेरीस इटलीतल्या गार्दोने व्हाल त्रोंपिया भागात अमेरिकन मागणीवर उभा राहिला, आणि त्या गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर १८७३ ची काडतुसाची कोल्ट होती, जिच्या पावणेपाच, साडेपाच आणि साडेसात इंच या तीन लांब्या प्रसिद्ध आहेत. माझ्या मते तीच आवड मागे जाऊन टोपीच्या (काडतुसाऐवजी मागे लावलेल्या स्फोटक टोपीने बार काढणाऱ्या) रिव्हॉल्वरवर चिकटली. याचा अर्थ जुन्या काळी कोणी नळी कापलीच नाही असा नव्हे. मालकाने किंवा गावातल्या लोहाराने कापलेल्या अस्सल कोल्ट संग्राहकांकडे आहेत. ठासणीचा दांडा (सिलिंडरमध्ये गोळी ठासण्यासाठी नळीखाली असतो तो) काढून टाकलेल्या अगदी आखूड नमुन्यांना ते ‘अव्हेंजिंग एंजल’ असेही म्हणतात. त्यामुळे आपण नळी आखूड केली तर तो इतिहासाचा अपमान ठरत नाही. मात्र ‘कारखान्यातून अशीच निघत असे’ असे कोणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नये.

पाचरप्रेमी

धागाकर्त्यांच्या दोन रिव्हॉल्वरना एकच उत्तर लागू पडत नाही, कारण त्यांची नळी सांगाड्याला जोडण्याची रीतच भिन्न आहे. कोल्टच्या सांगाड्याला वर पट्टी नसते. सांगाड्यात घट्ट बसवलेला एक जाड आस पुढे येतो, त्यावर सिलिंडर फिरते, आसाचे पुढचे टोक नळीखालच्या ठोकळ्यातल्या भोकात शिरते, आणि या दोघांना आरपार जाणारी एक पाचर ओढून धरते. ठोकळ्याच्या खालच्या अंगाला सांगाड्यातल्या दोन छोट्या खुंट्या शिरतात, त्यामुळे नळी आडवी फिरत नाही. म्हणजे पाचर उजवीकडून डावीकडे ठोकून बाहेर काढली की नळी हातात येते. ती अडून बसली, तर सिलिंडर असे फिरवून ठेवावे की ठासणीचा दट्ट्या दोन घरांमधल्या (दारू व गोळी भरायच्या भोकांमधल्या) भिंतीवर टेकेल, आणि मग दांडा हलकेच दाबावा. नळी आपोआप पुढे सरकते. अर्थात हे सारे सिलिंडर रिकामे आहे आणि निपलांवर (घरांमागच्या, टोपी बसवायच्या बोंडांवर) टोप्या नाहीत याची खात्री करूनच.

ज्या हत्याराची नळी अर्ध्या मिनिटात निघते, त्याची नळी कापण्यात मला शहाणपण दिसत नाही. दुसरी नळी घ्यावी, जुनी तेल लावून ठेवून द्यावी, आणि वाटेल तेव्हा पुन्हा बसवावी.

परंतु माझा खरा मुद्दा वेगळा आहे. लोक नळीच्या लांबीची चर्चा करत बसतात आणि तिच्या मुळाशी असलेल्या जोडाकडे पाहत नाहीत. मूळ कोल्टमध्ये आसाचे टोक नळीच्या भोकाच्या तळाला टेकत असे. कित्येक प्रतिकृतींमध्ये ते टेकत नाही, मध्ये थोडी पोकळी राहते. मग पाचर जितकी आत ठोकावी तितकी नळी मागे ओढली जाते, खालच्या ठोकळ्यावर तोलली जाते, तोंड किंचित वर उचलले जाते आणि वरच्या बाजूला नळी सिलिंडरला घासू लागते. पाचर सैल ठेवावी तर प्रत्येक बाराला धक्का बसून तीच रुंद होते. अशा वेळी सिलिंडर व नळी यांतली फट एका दिवशी एक आणि दुसऱ्या दिवशी दुसरी, असा प्रकार होतो.

तपासण्याची सोपी युक्ती सांगतो. सिलिंडर काढून ठेवावे. नळी आसावर अशी चढवावी की तिचा खालचा ठोकळा सांगाड्याच्या शेजारून, म्हणजे थोडा तिरपा, मागे जाईल. आणि ती आत जाईल तितकी दाबावी. ठोकळ्याची मागची कड सांगाड्याच्या पुढच्या कडेशी तंतोतंत जुळून थांबली, तर आसाची लांबी बरोबर आहे. ती कड सांगाड्याच्या मागे सरकली, तर जितकी सरकली तितका आस आखूड आहे. त्यावर उपाय म्हणजे भोकाच्या तळाशी त्या जाडीची पोलादी चकती बसवणे, आणि ती चकती कागदाच्या जाडीने घासत घासत फट जुळवणे.

आता हे आपल्या प्रश्नाशी कसे जोडलेले आहे ते पाहा. नवी नळी मागवली, म्हणजे नवे भोकही आले, आणि त्याची खोली जुन्या नळीच्या भोकाइतकीच असेल असे नाही. म्हणून प्रत्येक नळीला तिची स्वतःची चकती आणि तिची स्वतःची पाचर द्यावी, आणि पाचरींवर खूण करून ठेवावी. माझ्याकडे एकाच सांगाड्याच्या तीन नळ्या आहेत. पाचरींची अदलाबदल झाली की लगेच कळते, कारण घोडा ओढताना अंगठ्याला सिलिंडर जड लागते.

लेथमास्तर

पाचरप्रेमींचे म्हणणे तत्त्वतः मान्य आहे, तरी नळी कापणे म्हणजे फार मोठे पाप आहे असे जे चित्र उभे राहते ते मला पटत नाही. मी स्वतः चार नळ्या आखूड केल्या आहेत. लेथवर काटकोनात केलेला छेद आणि नंतर नळीच्या तोंडाची नीट केलेली गोलाई, एवढे असेल तर नेमात काही बिघडत नाही. गोळी नळी सोडते त्या क्षणी तिच्या मागचा वायू सर्व बाजूंनी एकाच वेळी सुटला पाहिजे. तोंडाच्या कडेला एका अंगाला छोटासा व्रण राहिला, तर एका बाजूने वायू आधी निसटतो आणि गोळीला ढकलतो. त्यामुळे हाताच्या करवतीने कापून कानशीने सपाट केल्यावर ‘नेम गेला’ अशी जी तक्रार ऐकू येते, तिचे कारण लांबी नसून तोंड असते.

खरी डोकेदुखी नळी कापण्यात नाही, ठासणीच्या दांड्यात आहे. दांड्याचे पुढचे टोक नळीखालच्या एका छोट्या अडणीत अडकते, आणि ती अडणी नळीत डव्हटेलच्या (तळाशी रुंद, तोंडाशी अरुंद) खाचेत बसवलेली असते. साडेसात इंचांची नळी पाच इंचांची करताना ती अडणी कापलेल्या तुकड्याबरोबर जाते. मग नवी खाच पाडावी लागते, दांडा त्या मानाने आखूड करावा लागतो, आणि त्याच्या टोकाची कळ पुन्हा जमवावी लागते. .४४ च्या घरात .४५४ ची शिशाची गोळी ठासताना तिच्या कडेचे शिसे कापले जाऊन बारीक अंगठी पडते, आणि ती पडलीच पाहिजे, कारण ती गोळी घट्ट बसल्याची खूण आहे. ती अंगठी कापायला जोर लागतो. दांडा तिसऱ्या हिश्शाने आखूड झाला की तो जोर तळहाताला चांगलाच जाणवतो.

पाचरप्रेमी

लेथमास्तर, आपल्याकडे लेथ आहे आणि तो चालवणारा हातही आहे. धागाकर्त्यांनी त्याचा उल्लेख केलेला नाही. माझा आक्षेप कापण्याला नसून, परत न जोडता येणाऱ्या गोष्टीने सुरुवात करण्याला आहे.

जुनी खोड

रेमिंग्टनविषयी कोणी बोललेले नाही, म्हणून माझी फजिती सांगतो. त्या हत्याराचा सांगाडा वरच्या पट्टीसह एकसंध असतो आणि नळी त्यात आट्यांनी पिळून बसवलेली असते. पाचर नाही, अर्ध्या मिनिटाचे काम नाही. मला हे ठाऊक असूनही एका दुपारी उतावीळपणा झाला. नळी शेगड्यात (व्हाइसमध्ये) आवळली, सिलिंडर काढल्यावर सांगाड्यात जी चौकट मोकळी राहते तीत हातोड्याचा लाकडी दांडा घातला आणि त्याने सांगाडा फिरवायला गेलो. नळी हलली नाही. दुसऱ्यांदा जोर लावला तेव्हा काहीतरी सरकल्यासारखे वाटले आणि मला आनंद झाला. तो आनंद सिलिंडरचा आस परत घालेपर्यंतच टिकला. आस पुढच्या भोकातून गेला आणि मागच्या भोकाच्या कडेवर टेकला. सांगाडाच पिळला गेला होता. नळी होती तिथेच होती.

नंतर एका अनुभवी कारागिराने दाखवले, की सांगाड्याच्या पुढच्या भागाला बाहेरून सर्व अंगांनी मिठी मारणारा साचा लागतो, आणि नळीला तिच्या आठ कडांना साजेसे ठोकळे लागतात. शिवाय नवी नळी बसवताना आटे अशा ठिकाणी थांबले पाहिजेत की पुढची माशी (नेम धरायचा नळीवरचा खुंट) बरोबर वर येईल, मागचे तोंड सिलिंडरपासून योग्य अंतरावर राहील आणि ठासणीचा दांडा सरळ खाली येईल. ही तीन कामे एकाच वेळी जुळवायची असतात. त्यामुळे रेमिंग्टनच्या बाबतीत माझे मत स्पष्ट आहे: आखूड नळीचे हवे असेल, तर कारखान्याने साडेपाच इंची नळीसह बनवलेलेच घ्यावे.

माशीमार

नेमाच्या दृष्टीने एक साधे गणित मांडतो. या रिव्हॉल्वरमध्ये मागची खाच घोड्याच्या टोकावर असते (रेमिंग्टनमध्ये ती सांगाड्याच्या वरच्या पट्टीत असते), आणि पुढची माशी नळीच्या तोंडाजवळ असते. खाच व माशी यांतले अंतर दहा इंच आहे असे धरू. पंचवीस यार्ड म्हणजे नऊशे इंच. माशी धरण्यात एक शतांश इंचाची चूक झाली, तर लक्ष्यावर ती नव्वदपट होऊन नऊ दशांश इंच दिसते. नळी अडीच इंचांनी आखूड केली की खाच ते माशी हे अंतर साडेसात इंच होते, आणि तीच चूक एकशेवीसपट होऊन सव्वा इंचाच्या जवळपास जाते. आखूड नळी ‘कमी अचूक’ असते असे जे म्हटले जाते, त्याचा बराचसा भाग इथे आहे. शेगड्यात पकडून झाडली तर तिची भोके लांब नळीइतकीच जवळजवळ पडतील. आपला डोळा मात्र शेगडा नव्हे.

दुसरी गोष्ट माशीच्या उंचीची. कोल्टच्या धर्तीची बहुतेक रिव्हॉल्वर पंचवीस यार्डांवर उंच मारतात, कारण त्यांचा नेम त्याहून बऱ्याच लांबच्या अंतरासाठी जुळवलेला असतो. बार नऊ इंच वर जात असेल आणि खाच ते माशी हे अंतर दहा इंच असेल, तर नऊ गुणिले दहा भागिले नऊशे, म्हणजे एक दशांश इंच उंच माशी हवी. साडेसात इंचांवर तीच दुरुस्ती पाऊण दशांश इंचात होते. नवी माशी बसवताना ती मुद्दाम जास्त उंच ठेवावी आणि मैदानावर थोडी थोडी घासत आणावी; घासलेली माशी वाढत नाही.

ठासणीवाला (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. जुनी खोड यांचा अनुभव वाचून रेमिंग्टन पुन्हा तिच्या पेटीत ठेवली आहे. वेगाविषयी मात्र अजून शंका आहे. नळी अडीच इंचांनी आखूड झाली, तर गोळीचा दम निघून जातो का? आणि काजळी कमी होते का?

काळा धूर

वेग घटतो, यात वाद नाही, परंतु या रिव्हॉल्वरची मर्यादा नळीपेक्षा सिलिंडरच्या घरात अधिक आहे. नेव्हीच्या घरात वीस-बावीस ग्रेन (दारू व गोळी मोजण्याचे छोटे माप) दारू आणि सुमारे ऐंशी ग्रेनांची गोळी. एवढ्या थोड्या दारूचा दाब नळीच्या पहिल्या काही इंचांतच आपल्या शिखरावर जाऊन उतरू लागतो. शिवाय हाताने मोजून भरलेल्या दारूत एका बारापासून दुसऱ्या बाराच्या वेगात मुळातच फरक पडत असतो. कागदी लक्ष्यावर पंचवीस यार्डांवरून झाडणाऱ्याला या घटीची काळजी करण्याचे कारण नाही. दारूची मात्रा वाढवून ती भरून काढण्याच्या भानगडीत तर मुळीच पडू नये. उलट कमी मात्रा घेऊन, मध्ये मक्याचा रवा घालून, गोळी घराच्या तोंडाजवळ आणणारे नेमबाज अधिक चांगले निकाल काढतात.

काजळीचे म्हणाल तर आशा सोडून द्यावी. काळी दारू जळल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घन स्वरूपात मागे उरतो. त्यातला नळीत बसणारा भाग आपल्याला अडवत नाही. सिलिंडर जड होते ते फटीतून उडून आसावर बसणाऱ्या काजळीने, आणि ती फट नळी कितीही आखूड केली तरी तिथेच राहते. म्हणूनच कोल्टच्या जाड आसावर वंगण धरून ठेवणारे खोबणीचे आटे आहेत, आणि रेमिंग्टनचा बारीक, गुळगुळीत आस आधी अडकतो.

सही-शिक्का

नियमांची बाजू थोडक्यात मांडतो. अमेरिकेच्या १९६८ च्या संघीय कायद्यानुसार, १८९८ पर्यंतच्या हत्यारांच्या ज्या प्रतिकृती तयार काडतुसे झाडत नाहीत त्या ‘अँटीक’ या व्याख्येत बसतात, आणि नळीच्या लांबीने ती व्याख्या बदलत नाही. काडतुसाचे सिलिंडर बसवले की मात्र बदलते, आणि काही राज्यांचे नियम संघीय कायद्याहून कडक आहेत. ब्रिटनमध्ये १९९७ नंतर आखूड हत्यारांवर बंदी आली, तरी तोंडाकडून ठासायच्या रिव्हॉल्वरना परवान्यावर सूट राहिली. मात्र तिथे प्रूफचा, म्हणजे हत्याराच्या ताकदीच्या चाचणीचा, स्वतंत्र कायदा आहे, आणि हत्याराची ताकद कमी करणारा बदल केल्यास जुना ठसा ग्राह्य राहत नाही. इटालियन प्रतिकृतींवर काळ्या दारूच्या चाचणीचा ‘पी-एन’ असा ठसा आणि वर्षाची खूण असते. तो ठसा कारखान्यातून निघालेल्या हत्याराचा आहे, आपण नंतर केलेल्या कामाचा नव्हे. आपण जिथे राहतो तिथला कायदा आधी वाचावा, करवत नंतर उचलावी.

लेथमास्तर

एक राहून गेले. .३६ च्या सांगाड्यावर १८६१ च्या नेव्हीची गोल नळीही बसते, कारण मूळ कोल्टमध्येही त्या दोघींचा सांगाडा एकच होता. फरक ठासणीच्या दांड्याच्या दातेरी रचनेत आहे. गोल नळी अष्टकोनी नळीपेक्षा तोंडाकडे हलकी लागते. मनगट दुखणे एवढीच तक्रार असेल, तर लांबी तशीच ठेवून हाही पर्याय आहे. नळी आणि सांगाडा एकाच कारखान्याचे असावेत एवढे पाहावे.

ठासणीवाला (धागाकर्ता)

दोन महिन्यांनी पुन्हा लिहीत आहे. त्याच कारखान्याची पाच इंची अष्टकोनी नळी तिच्या आखूड दांड्यासह मागवली. पाचरप्रेमींनी सांगितल्याप्रमाणे ठोकळा तिरपा धरून तपासले, तेव्हा जुन्या नळीची कड सांगाड्याशी जवळजवळ जुळली, नवीची मात्र चक्क अंगठ्याच्या नखाच्या जाडीइतकी मागे गेली. चकती करून घेतली आणि तीन संध्याकाळी ओल्या पॉलिश कागदावर घासत बसलो. आता पाचर अंगठ्याने दाबून आत जाते, लाकडी हातोडीचा एक हलका ठोका पुरतो, आणि फटीत चार हजारांश इंचाचे फीलर गेजचे (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांचे) पान सरकते, सहा हजारांशचे सरकत नाही. पाचर आणखी ठोकून पाहिली, तरी फट बदलली नाही.

मैदानावर पहिल्या सहा गोळ्या पंचवीस यार्डांवर हाताच्या वितीइतक्या वर गेल्या. माशी बदलायची आहे. साठाव्या बाराला मनगट जागेवर होते. दांडा मात्र लेथमास्तर म्हणाले होते तसाच बोलतो; .३७५ ची गोळी ठासताना तळहाताला वळ उठला. .३८० ची गोळी या दांड्याने ठासण्याचा कोणाला अनुभव आहे का, की सिलिंडर काढून बाहेरच्या ठासणीच्या चौकटीवरच भरावे?

पाचरप्रेमी

चौकटीवर भरावे. पण मग दर सहा बारांना पाचर निघणार, म्हणून आणखी एक पाचर आताच मागवून, जुळवून आणि खूण करून ठेवावी.